बर्फाच्या कारखान्याचा पत्ता कुणी सांगितला

नाव: ओळखपत्राप्रमाणे मूळ नोंदीत घेतले आहे. लोक ‘सुई’ या नावाने ओळखतात.
वय: बेचाळीस.
व्यवसाय: आठवडाभर शिवणयंत्रांची दुरुस्ती, रविवारी डीजे.
राहणार: वडिलांच्या घरी, कापड गोदामामागची गल्ली, दुसरा मजला. घरी फोन आहे.

मी समक्ष हजर राहून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर विचारल्यावरून, जबाब देते तो असा की,

मी वरील ठिकाणी वडिलांसोबत राहते. घरात आम्ही दोघेच. आई गेल्याला दोन वर्षे झाली. वडील टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले असून सध्या आपल्या ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यांना उठून घरी जायला सांगावे अशी माझी विनंती आहे. माझे ते ऐकत नाहीत.

डीजे म्हणजे लग्नातला का, असे विचारले. नाही. लग्नात लोक सांगतील ते लावावे लागते. आमच्याकडे कुणी काही सांगत नाही, आणि सांगितलेच तर मी ऐकत नाही. आमचे संगीत यंत्रावर बनवलेले असते, त्यात शब्द जवळपास नसतात. दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या तबकड्या, आणि मध्ये दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सर. एका टर्नटेबलवरची रेकॉर्ड संपायच्या आत दुसरीवरची रेकॉर्ड तिच्या लयीला आणायची आणि अशी सोडायची की सांधा कुणाला कळता कामा नये. हवालदारसाहेब म्हणाले, “मग त्यात तुम्ही नेमके करता काय?” हा प्रश्न माझी आत्या गेली वीस वर्षे विचारते आहे. तिलाही मला उत्तर देता आलेले नाही.

या कामाला कशी लागले, असे विचारले असता सांगते की, मी नवीन असताना एका कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या कडा शिवायचे ओव्हरलॉकचे मशीन दुरुस्त करायला गेले होते. मशीन उघडून ठेवले आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली. मला वाटले, मोटार गेली. मोटार बंद केली तरी थरथर चालूच. तेव्हा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी जिना उतरून तळघरात गेले. तिथे एक टक्कल पडलेला गृहस्थ भर दुपारी एकटाच, डोळे मिटून, रेकॉर्ड वाजवत होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. मी खाली उभी राहिले ती राहिलेच. वर मुकादम माझ्या नावाने शंख करत होता. ते मशीन मी दुसऱ्या दिवशी जोडले.

मामांनी मला शिकवले. आधी कितीतरी महिने नुसत्या रेकॉर्ड पुसायला लावल्या. मामा प्रत्येक रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचे, म्हणजे कोणती रेकॉर्ड आहे ते शेजारी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या डीजेला वाचता येऊ नये. आमच्यात ही रीतच आहे. आपल्या जप्तीत ज्या कोऱ्या लेबलांच्या रेकॉर्ड आल्या आहेत आणि ज्यांच्याबद्दल ‘संशयास्पद’ असे लिहिले आहे, त्या या अशा. त्यांत काहीही संशयास्पद नाही, नुसता आखडूपणा आहे. त्या उन्हात ठेवू नयेत. वाकतात.

पुढे मी स्वतः वाजवायला लागले. फर्निचरच्या गोदामात वाजवले, बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या व्हरांड्यात वाजवले. एकदा पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावात वाजवले. तिथे प्रत्येक ठोका भिंतीवर आपटून परत यायचा आणि माझ्याच तोंडावर पडायचा. ऐकायला पाच जण होते, त्यातला एक वॉचमन. तो शेवटपर्यंत थांबला, कारण त्याला कुलूप लावायचे होते. मामा घरी जाताना म्हणाले, “पाच जणांसमोर ज्याला लाज वाटत नाही, त्याने पाचशेंसमोर वाजवावं.” पाचशे मी अजून बघितलेले नाहीत. पण मजेत आहे. हे वाक्य लिहून घ्यायची गरज नाही असे हवालदारसाहेब म्हणाले. माझी आहे. लिहा.

आई याला ‘तुझं ते ठोकाठोकीचं काम’ म्हणायची आणि वर मला डबा भरून द्यायची. वडील काही म्हणत नसत. वडिलांनी उभी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली. एक्स्चेंजचा नियम होता की ऑपरेटरने आपले नाव सांगायचे नाही, समोरच्याला कोण म्हणून विचारायचे नाही आणि लाइन जोडून दिल्याशिवाय सोडायची नाही. घरी आल्यावर ते कमीच बोलायचे. आई दोघांचेही बोलून घ्यायची.

पत्ता कळवण्याच्या पद्धतीबाबत विचारले असता सांगते. आमच्या कार्यक्रमाचे पोस्टर नसते. सायकलच्या दुकानात, कटिंग सलूनमध्ये, रेकॉर्डच्या दुकानात एक छोटे कार्ड ठेवलेले असते. त्यावर फक्त तारीख आणि एक फोन नंबर. त्या दिवशी त्या नंबरवर फोन करायचा, टेपवर जागा सांगितलेली असते. ज्याला खरेच यायचे आहे तोच फोन करतो, उगाच गर्दी होत नाही. हीही मामांच्या वेळेपासूनची रीत. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तरी आम्ही ती सोडली नाही. आमची खोड म्हणा. नंबर मी आईवडिलांच्या घरचा दिला होता, कारण त्यावर आत्याशिवाय कुणाचा फोन येत नसे. फोनला उत्तर देणारे टेपचे मशीन जोडले होते. त्यात माझा आवाज होता. हुकूम सोडल्यासारखा, असे आई म्हणायची.

आई गेल्यावर वडिलांचे बोलणे बंद झाले. भांडण नाही, आजार नाही, डॉक्टरांनी कान-घसा सगळे तपासले. नुसते बंद. मीठ हवे असले तर बोट दाखवायचे. म्हणून मी माझी खोली सोडून घरी राहायला आले. साहेब, मी आवाजात राहणारी बाई आहे. त्या घरात शांतता फार होती. रात्री फ्रिज सुरू झाला की मला बरे वाटायचे, इतकी.

मागच्या वर्षी एका रविवारी मी सामान लावायला लवकर बाहेर पडले आणि त्याच दिवशी टेपचे मशीन अडकले. फोन वाजत राहिला. वडिलांनी तो किती वेळ वाजू दिला मला माहीत नाही. पण ऑपरेटरच ते, वाजता फोन त्यांना बघवणार नाही. त्यांनी उचलला. मशीनमध्ये घालायचा मजकूर मी फोनजवळच लिहून ठेवलेला असायचा, तो त्यांनी वाचून दाखवला. मग दुसरा फोन आला. मग तिसरा.

त्या दिवशी जो येईल तो दात काढतच आत येत होता. “अगं, ते फोनवरचे काका कोण?” मला कळेना. एकाला त्यांनी कोणत्या फुटपाथवर दिवे लागतात ते सांगितले होते. दुसऱ्याला विचारले होते, जेवून निघालात का? एका सर्दी झालेल्या मुलीला कान बांधून जायला सांगितले होते, का तर जागा बर्फाच्या कारखान्यात आहे. कारखाना बंद पडून किती वर्षे झाली! तिथे आता हातरुमालसुद्धा गार होत नाही. तरी ती बापडी मफलर गुंडाळून आली होती. मी घरी गेले आणि दारातच उभी राहिले. वडील आत्याशी फोनवर बोलत होते. तोंडाने. आत्या पलीकडे रडत होती आणि हे तिला म्हणत होते, “लाइनवर राहा, रडू नकोस, आवाज नीट येत नाही.”

मी चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा नळ सोडून रडून घेतले. हे जबाबात घेतले तरी चालेल.

तेव्हापासून नंबर वडीलच सांभाळतात. बर्फाच्या कारखान्याबाबत सांगते की, ती जागा बर्फवाल्या काकूंची आहे. नवऱ्याच्या मागे ती त्यांच्याकडे आली. चाव्या त्यांनी स्वतः माझ्या हातात दिल्या, याला त्या साक्ष देतील. भिंती हातभर जाड आहेत आणि आत लाकडाचा भुसा ठासलेला आहे. पूर्वी थंडी बाहेर जाऊ नये म्हणून केलेली ती सोय आता आमचा आवाज बाहेर जाऊ देत नाही. शेजाऱ्यांची एकही तक्रार नाही. नशापाण्याबद्दल विचारले. दारात काकूंची चहाची किटली असते आणि काकू स्वतः खुर्ची टाकून बसलेल्या असतात. त्यांच्यासमोरून काही आत न्यायची कुणाची छाती नाही.

कार्यक्रम दिवसाउजेडी कसा, असे विचारले. तो पराक्रमही वडिलांचाच. पूर्वी आम्ही रात्री वाजवायचो. एकदा मी आपली निवांत अंधार पडल्यावर पोहोचले, तर दारात ही गर्दी, सगळे वैतागलेले, काकूंचा चहा संपलेला. म्हणे, काकांनी फोनवर चार वाजता यायला सांगितले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन विचारले, “बाबा, तुम्ही परस्पर वेळ कशी बदललीत?” तर म्हणाले, “त्या पोरी रात्री परत कशा जाणार? शेवटची बस कधीची आहे ते तुला माहीत आहे का?” मला माहीत नव्हते. मी वीस वर्षे कधी विचारलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही दुपारी चारला सुरू करतो आणि लोक जेवायच्या वेळेला घरी जातात. गर्दी वाढली आहे. काही जण आता आपल्या आईवडिलांना घेऊन येतात. एक आजोबा नेमाने मोठ्या स्पीकरला टेकून झोपतात.

गेल्या रविवारच्या घटनेबाबत सांगते. मी तीनच्या सुमारास कारखान्यात होते. घरी काय घडले ते मला नंतर वडिलांनी आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी, दोघांनीही, सारखेच सांगितले, त्यामुळे ते खरे मानते. सलूनमध्ये साहेबांना आमचे कार्ड मिळाले. त्यांनी साध्या आवाजात नंबरवर फोन केला. वडिलांनी नियमाप्रमाणे कोण म्हणून विचारले नाही. पत्ता सांगितला, जेवण झाले का ते विचारले, आणि वर सल्ला दिला की चौकात डावीकडे कधीकधी पोलिसांची गाडी उभी असते, तिथे हॉर्न वाजवू नका, बिचारे कंटाळलेले असतात.

साहेबांची जीप दोनदा चुकली, दुसऱ्यांदा तर फिरून आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आली. दुसऱ्यांदा फोन आल्यावर वडील म्हणाले, “तुम्ही आहात तिथेच थांबा, मीच येतो.” लाइन जोडून दिल्याशिवाय सोडायची नाही, हा तो नियम. ते शर्ट बदलून गल्लीच्या तोंडाशी गेले, जीपमध्ये बसले आणि डावीकडे, उजवीकडे करत पोलिसांना स्वतः आमच्या दारात आणून सोडले. जीप पोलिसांची आहे हे दिसले नाही का, असे मी त्यांना विचारले. म्हणाले, “दिसली की. पण त्यांनाही कधीतरी गाणी ऐकावीशी वाटणार ना?” मी कपाळावर हात मारून घेतला.

आत काय झाले ते सांगते. दिवे लागले. हवालदारसाहेबांनी बंद करा, बंद करा असे ओरडायला सुरुवात केली. भुशाच्या भिंतींमुळे त्यांचा आवाज काही पुढे जाईना, ते आणखी ओरडले आणि त्यांचा घसा बसला, त्याबद्दल दिलगीर आहे. मी सुई उचलली. लोक घाबरले. तिथे दार एकच आहे, बर्फाच्या लाद्या ओढायचे, आणि त्याच्या पुढे उतार. सगळे तिकडे सरकले. मफलरवाली मुलगी पडली. मी माइकवर काहीतरी बोलले, पण माझा आवाज हुकमी आहे, त्याने लोक जास्तच घाबरतात. त्या क्षणी मला वाटले, आता कुणीतरी चेंगरणार आणि माझ्या डोळ्यांसमोर चेंगरणार. 

वडील कधी माझ्या टेबलापाशी आले, कळले नाही. ते याआधी कधीही माझे वाजवणे ऐकायला आले नव्हते. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, “हॅलो. घाई करू नका. लाइनवर राहा. मी एकेकाला सोडतो.”

सगळे थांबले. त्यांना वर्षभर ओळखीचा असलेला आवाज होता तो. माणूस कुणी पाहिलेला नव्हता. माना वळल्या. मागून कुणीतरी म्हणाले, “अरे, काका!” आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पोलीस आलेले, दिवे लागलेले, आणि लोक टाळ्या वाजवताहेत. वडिलांनी शांतपणे एकेका रांगेला सोडले, मफलरवालीला आधी. बाहेर जाताना प्रत्येक जण त्यांना हात मिळवून गेला. झोपलेले आजोबा शेवटी उठले आणि त्यांनी विचारले, संपलं का? कुणालाही इजा झाली नाही. हे साहेबांनी स्वतः पाहिले आहे.

आता मुद्द्याचे. विनापरवाना लोक जमवल्याबद्दल आयोजक कोण, असे विचारले. जो लोकांना पत्ता सांगून बोलावतो तोच आयोजक, असे साहेबांचे म्हणणे, आणि बाहेर बाकावर बसलेला माणूस सकाळपासून येईल त्या शिपायाला ‘आयोजक मीच’ म्हणून सांगतो आहे. त्यांचे म्हणणे धरू नये. कार्ड माझे, रेकॉर्ड माझ्या, चाव्या माझ्या हातात. आयोजक मी. गुन्हा लिहायचा तर माझ्यावर लिहा. फक्त तो नंबर बंद करू नका, एवढीच माझी विनंती आहे. आमचे संगीत काय, उद्या दुसऱ्या तळघरात जाईल. त्याला सवय आहे. पण नंबर बंद झाला, तर वडील पुन्हा बोट दाखवून मीठ मागायला लागतील. ते मला सोसवणार नाही.

साहेबांनी विचारले की, तुम्ही मशीन दुरुस्त करणाऱ्या, मग टेपचे मशीन वर्षभर नादुरुस्त कसे राहिले? दुरुस्त केले असते तर वडील यात आलेच नसते.

साहेबांचा प्रश्न बरोबर आहे. मशीन नादुरुस्त नाही. त्याचा रबरी पट्टा तेवढा सुटला होता. मी तो त्याच आठवड्यात, वडील अंघोळीला गेले असताना बसवला आणि मशीन चालवून पाहिले. छान चालत होते. मग ते जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या कपाटाच्या वर, बॅगांच्या मागे ठेवून दिले आणि वडिलांना सांगितले की आता याचे भाग मिळत नाहीत, याच्यापुढे मी हात टेकले. खोटे बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. आजवर दोन रेकॉर्ड जोडताना जेवढी काळजी घेतली नसेल, तेवढी हे कळू नये म्हणून घेतली. वडिलांना हे सांगू नये.

यापलीकडे मला सांगायचे नाही.

जबाब वाचून दाखवण्याबाबत: लेखनिक हवालदारांचा घसा बसलेला असल्याने आणि दुसरे कुणी मोकळे नसल्याने साहेबांनी बाहेरच्या बाकावरील इसमास, म्हणजे माझ्या वडिलांना, आत बोलावून वाचायला दिले. मी हरकत घेतली. साहेब म्हणाले, “आवाज चांगला आहे त्यांचा, वाचू द्या.” वडिलांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचले. स्वयंपाकघरातल्या नळापाशी आल्यावर ते थोडे थांबले, पाणी मागितले, प्यायले आणि पुढे वाचले. मशीनच्या मजकुरापाशी थांबले नाहीत. ‘वडिलांना हे सांगू नये’ हेही त्याच आवाजात वाचले. मी खाली फरशीकडे पाहत होते.

वाचून झाल्यावर, यात काही चूक आहे का, असे मला विचारण्यात आले. मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले की चूक आहे. त्यांच्या सांगण्यावरून खालील दुरुस्ती घेतली:

मशीन कपाटाच्या वर नाही. वडिलांना ते हिवाळ्यात, स्वेटर शोधताना सापडले. त्यांनीही ते चालवून पाहिले. छान चालत होते. तेव्हा त्यांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकले आणि चादरीत आईच्या जुन्या इस्त्रीसोबत दोन पुस्तके गुंडाळून जागच्या जागी ठेवून दिली. कारण विचारले असता ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझा विचार बदलला असता म्हणजे?”

यावर मला काही सांगायचे आहे का, असे विचारले. सध्या बोलता येत नाही.

साहेबांनी समज देऊन सांगितले की पुढच्या महिन्यापासून रीतसर परवानगीचा अर्ज करावा. अर्जावर आयोजकाचे नाव आणि संपर्काचा फोन लागतो. नाव वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिले, ठळक अक्षरात, आडनावासकट. नंबर तोच. रेकॉर्ड परत मिळाल्या, एकही वाकलेली नाही. साहेबांनी जाता जाता विचारले की पुढचा कार्यक्रम केव्हा आहे. वडिलांनी त्यांना सांगितले की त्या दिवशी फोन करा.

वरील जबाब माझ्या वडिलांच्या आवाजात मी पूर्ण ऐकला. मशीन कुठे आहे एवढे सोडून बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे, आणि ते खरे आहे.

सही: सुई
वाचून दाखवणाऱ्याची सही: मूळ नोंदीत, पूर्ण नावानिशी.